कागदावर सहासष्ट

लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात सासूबाईंनी माझ्याकडे स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली. ती म्हणजे रात्रीच्या समुद्रात उतरून मांटा मासे बघायचे.

त्या जुलैमध्ये तीन महिन्यांसाठी आमच्याकडे तोक्योला आल्या होत्या. आमच्याकडे म्हणजे खरं तर माझ्याकडे, कारण नवऱ्याची बदली ओसाकाला झालेली आणि तो महिन्यातून दोनदा पाहुण्यासारखा यायचा. एदोगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी कावासाकीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्या नोंदवायच्या, हेच काम. नवरा म्हणतो, मी घरी आल्यावरही ड्यूटीवरच असते. तो ओसाकाहून म्हणतो, म्हणून मी ऐकून घेते.

एका रविवारी सासूबाई एदामामेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. जपानी लोक या शेंगा मीठ लावून उकडून खातात. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांची उसळ करून टाकली होती. समोर टीव्ही चालू होता. इशिगाकी नावाचं दक्षिणेकडचं बेट, काळोखं पाणी, पाण्यात सोडलेले दिवे, आणि त्या उजेडात गोळा होणारे बारीक जीव खायला आलेले मांटा. डबलबेडच्या चादरीपेक्षा मोठे, चपटे, अंगाखाली पांढरे शुभ्र मासे. ना डंख, ना दात दाखवणं. माणसं वर पालथी तरंगत होती आणि हे त्यांच्या पोटाखालून कोलांट्या घेत जात होते.

"पदर पसरून चाललीये बघ कशी," सासूबाई म्हणाल्या. हातातली शेंग हातातच राहिली. मग म्हणाल्या, "इथे जाता येतं?"

"येतं की."

"मला ने."

मी इस्त्री बाजूला ठेवली. या बाईंना काही हवंय का विचारलं की ठरलेलं उत्तर असतं, "काही नको गं, सगळं आहे." साडीच्या दुकानात "तू घे", हॉटेलात "तुम्ही मागवाल ते". सासरे गेल्यावरसुद्धा, तुम्हाला कुठे जावंसं वाटतं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या होत्या, "मला कुठे जायचंय." आणि आता सरळ, मला ने.

नवऱ्याला फोन केला. "आईला? समुद्रात? रात्री?" असं क्रमाने विचारून झाल्यावर तो म्हणाला, "तू बघ." हे त्याचं आवडतं वाक्य आहे.

मी बघितलं. दिवसा मांटा दाखवणाऱ्या बोटी पुष्कळ होत्या. रात्री नेणारी एकच सापडली, एका बाईंची. दिवे लावलेली एक चौकट पाण्यावर सोडायची, लोकांनी तिची कड धरून तरंगायचं, एवढंच. पोहण्याची तर काळजीच नव्हती. सासूबाई निवृत्त झाल्यापासून ठाण्याला तरण तलावावर बायकांच्या बॅचला जातात. फॉर्म भरायला घेतला. हृदयविकार नाही, दमा नाही, फिट येत नाहीत, सगळ्याला नाही-नाही करत शेवटी जन्मतारखेशी आले. पासपोर्ट उघडला. एक जून. वय पूर्ण सहासष्ट. आणि फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात: रात्रीच्या फेरीसाठी वयाची मर्यादा पासष्ट वर्षांपर्यंत.

"आई, नाही जमणार," मी म्हटलं आणि कारण सांगितलं.

"मग बरोबर आहे की. मला अजून पासष्टही पूर्ण नाहीत," त्या म्हणाल्या. "ती एक जून मास्तरांची. माझी नाही."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडे त्या पिढीत शाळेत घालताना मास्तर विचारणार, जन्म कधीचा, आणि घरचे सांगणार, पेरणीच्या वेळचा नाहीतर अमक्याच्या लग्नानंतरचा. मास्तर बिचारे एक जून लिहून मोकळे. सासूबाई टपाल खात्यात होत्या. त्यांच्या ऑफिसात एक जूनला नऊ जणांचा वाढदिवस असायचा आणि एकतीस मेला निवृत्तीचे हार कमी पडायचे. सासूबाईंना थोरल्या बहिणीला शाळेच्या वाटेवर सोबत म्हणून लवकर घातलं, त्यासाठी मास्तरांनी वय सव्वा वर्षाने वाढवलं. "माझी आई सांगायची, गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तू आलीस. म्हणजे भाद्रपदात. तेव्हा पासष्ट पुरी होतील. तू तसं लिही."

"असं कसं लिहू? पासपोर्टवर काय आहे?"

"पण ते खोटं आहे ना."

"खोटं असलं तरी तेच खरं आहे, आई. इथे असं चालत नाही. आणि तुमच्या थोरल्या बहिणीची, मावशींची तारीखसुद्धा एक जूनच आहे. तुम्हाला स्वतःला तरी नक्की ठाऊक आहे का, तुमचं वय काय ते?"

आवाज चढला होता माझा. सासूबाईंनी सोललेल्या दाण्यांवर ताटली झाकली आणि आत जाऊन पांघरुणाच्या घड्या घालत बसल्या. घड्या आधीच घातलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना गाडीत मला स्वतःचीच चीड आली. बारा वर्षांत मी या देशाचे नियम इतके अंगात भिनवून घेतले होते की प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळ्या पिशवीत टाकलं नाही म्हणून पाहुण्यांना टोकते. ते ठीक आहे. पण ज्या बाईचा वाढदिवस कधी तिच्या दिवशी झालाच नाही, तिला मी तिचं वय विचारत होते. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून मी त्या बोटवाल्या बाईंना फोन लावला.

काय सांगायचं याची चार वाक्यं जपानीत लिहून घेतली होती. ती वाचताना लाजच वाटली. भारत सरकारच्या पासपोर्टवरची तारीख चुकीची आहे, ती एका शिक्षकांनी लिहिली, असं एखाद्या जपानी माणसाला कसं सांगायचं? चारही वाचून झाली. मग बाई म्हणाल्या, "माझ्या आईचीही कागदावरची तारीख वेगळी आहे." त्यांची आई ओकिनावाच्या मुख्य बेटावरची. तिथली नोंदवह्यांची दप्तरं युद्धात जळाली, आणि नंतर लोकांनी आठवेल तसं सांगून ती पुन्हा लिहिली. "आई म्हणायची, सरकारला दिलेला एक वाढदिवस, आणि घरात ठेवलेला एक."

मी जिन्यातच खाली बसले.

"तुमच्या आईंचा घरातला कधी असतो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, गौरी म्हणजे काय तेही सांगितलं, आणि हे चंद्राच्या पंचांगाने असतं म्हणून तारीख दरवर्षी हलते, अशी माफी मागितल्यासारखी पुस्ती जोडली. माफीची गरजच नव्हती. त्यांच्याही भिंतीवर दोन्ही कॅलेंडरं होती. बेटावरचे सण आणि कोळ्यांचं काम अजून जुन्यावर चालतं. पानं उलटल्याचा आवाज आला. "आठव्या महिन्याचा दहावा दिवस," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरच्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत येतो. त्या रात्री या."

"पण वय?"

"वय मी कागदावरचंच लिहिणार, विमा कागदावर चालतो." इथे त्यांचा आवाज अगदी माझ्यासारखा झाला. मर्यादेपलीकडच्यांसाठी त्यांच्याकडे एक वाट होती: डॉक्टरांचा दाखला, आणि त्याच दिवशी दुपारी उथळ पाण्यात परीक्षा. तोंडात श्वास घ्यायची नळी धरून, चेहरा पाण्यात ठेवून पाच मिनिटं निवांत तरंगायचं. डोकं वर काढायचं नाही. जमलं तर रात्री त्या स्वतः हात धरून नेतील. नाही जमलं तर बोटीवर बसून दिवे बघायचे.

संध्याकाळी घरी येऊन सासूबाईंना हे सांगितलं आणि कालच्याबद्दल माफी मागितली. "जाऊ दे गं," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "पाच मिनिटं म्हणजे किती? इतकी?" असं विचारून नाक दाबून उभ्या राहिल्या.

मग त्यांना पहिल्यांदा वॉर्डाच्या तलावावर घेऊन गेले आणि खरी अडचण कळली. सासूबाई उत्तम पोहतात, पण ठाण्याच्या पद्धतीने. मान ताठ वर, हातपाय खाली, आणि शेजारणीशी गप्पा चालू. सहा वर्षांत त्यांनी चेहरा एकदाही ओला केला नव्हता. "तोंड पाण्यात घातलं तर बोलणार कशी?" त्यांनी मला विचारलं.

त्याआधी दाराशीच पाटल्यांवरून थांबलो. तलावात दागिने चालत नाहीत. सासूबाईंच्या पाटल्या लग्नात चढवलेल्या, त्या आता कापल्याशिवाय निघायच्या नाहीत. तिथल्या बाईंनी दहा वेळा वाकून दिलगिरी व्यक्त केली, पांढरी पट्टी आणली आणि जखम बांधावी तशी दोन्ही मनगटं गुंडाळून दिली. मग सासूबाई टोपी घालून, घोट्यापर्यंत पोशाख चढवून, बांधलेल्या हातांनी पाण्यात उतरल्या. शेजारच्या पट्ट्यात पाण्यातून चालणारे आजी-आजोबा त्यांना बघून मान लववून गेले. बहुतेक मोठं आजारपण काढून आलेली बाई समजले असावेत. सासूबाईंनी सगळ्यांना उलट नमस्कार केला.

चेहरा काही पाण्यात जाईना. कपाळापर्यंत जायचा आणि परत यायचा. तासाच्या शेवटी शिट्टी वाजली, सगळा तलाव विश्रांतीसाठी बाहेर आला, आणि आम्ही दोघी कडेला पाय सोडून बसलो. मी चिडले नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते.

घरच्या न्हाणीत सराव सुरू केला. मी मास्क आणि नळी आणली. इथले टब खोल असतात. कोमट पाणी भरायचं, सासूबाईंनी कडेला गुडघ्यांवर बसायचं, चेहरा आत, आणि मी बाहेर बसून आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी सात. मग अकरा. मग पुन्हा चार, कारण त्यांना कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते विचारायचं होतं. नळीतून त्या बोलायच्याही. आतून हूं-हूं असा आवाज यायचा आणि मी उत्तर दिलं नाही की वर येऊन म्हणायच्या, "अगं, मी काय विचारतेय?"

ऑगस्टच्या अखेरीला तीनशेपर्यंत पोचलो. डॉक्टरांनी छाती तपासून, ईसीजी काढून, दाखला दिला. सप्टेंबरात घरात पितळेचा गणपती दीड दिवस बसवला. गौरी यंदा ठाण्याला धाकट्या जावेकडे होत्या. आरतीच्या वेळी तिने फोन समोर धरला आणि सासूबाईंनी इथूनच ओवाळलं. गौरी गेल्या त्या दिवशी आम्ही विमानात होतो. इशिगाकीला उतरल्यावर कळलं, येणार म्हणत होते ते वादळ बाजूने निघून गेलंय. मी घाबरले होते. सासूबाई म्हणाल्या, त्यांना ठाऊकच होतं.

बोटवाल्या बाई साठीच्या आसपासच्या, काळ्यासावळ्या, आखूड केसांच्या. सासूबाईंना त्या पहिल्या क्षणापासून "ओकाआसान" म्हणू लागल्या. त्याचा अर्थ आई, एवढं जपानी सासूबाईंना येत होतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे वाढदिवसाला, दुपारी तीन वाजता आम्ही कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात उभे होतो. बाईंनी हाताच्या खुणा ठरवून दिल्या: एकदा दाबलं तर बघ, दोनदा दाबलं तर मी ठीक आहे, तीनदा दाबलं तर वर ने. मग घड्याळ लावलं.

सासूबाईंनी चेहरा पाण्यात घातला आणि वीस सेकंदांत डोकं वर. बाईंनी विचारलं, श्वास लागला का? नाही म्हणाल्या. पुन्हा आत, या वेळी मिनिटभर टिकल्या, पुन्हा वर. तिसऱ्या वेळीही तेच. बाईंनी घड्याळ बंद केलं. मला बाजूला घेऊन त्या हळू म्हणाल्या, आईंना भीती वाटतेय, रात्री काळोखात असं डोकं वर काढलं की माणूस गोंधळतो, पाणी नाकातोंडात जातं. त्या बोटीवर बसू शकतील. दोन महिने आम्ही टबाशी गुडघे घासले होते. सासूबाई आमच्या तोंडांकडे बघत होत्या; भाषा कळत नसली तरी निकाल कळला होता.

"आई, भीती वाटली का?" मी विचारलं.

"भीती कसली? अगं, खाली निळा मासा होता, पिवळ्या शेपटीचा. तुला दाखवायला वर आले. मग तो दुसरा, चोच असलेला. तू बघतच नव्हतीस."

मी बघत नव्हते, कारण मी घड्याळ बघत होते.

तिथे पाण्यात उभं राहून मला एकदम सगळं दिसलं. ठाण्याला स्वयंपाकघरात, फोनवर, इथे टबाच्या कडेला, ही बाई मला सतत काहीतरी सांगायला येते. आणि मी अठरा वर्षं "हो आई, कळलं आई" म्हणत मधेच तोडते आणि पुढच्या कामाला लागते. सांगितलेलं वाया जातं म्हणून ती लगेच सांगते, दिसलं की लगेच, नाहीतर कोण थांबणार ऐकायला. मला इतकं वाईट वाटलं की मास्कमध्ये पाणी आलं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "आत काहीही दिसलं तरी वर यायचं नाही. माझा हात दाबायचा. मी तिकडेच बघेन. आणि बाहेर आल्यावर तुम्ही सगळं सांगायचं, पहिल्यापासून. मी मधे बोलणार नाही."

"सगळं ऐकशील?"

"सगळं."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग नळी तोंडात धरली. मी बाईंना आणखी एकदा परीक्षा घ्यायची विनंती केली, मासा आणि चोच यांच्यासकट सगळं समजावून. त्या हसल्या नाहीत. घड्याळ पुन्हा लावलं.

सासूबाई पालथ्या झाल्या. माझा हात एकदा दाबला. मी बघितलं, तर वाळूवर एक खेकडा. पुन्हा दाबला, तोच पिवळ्या शेपटीचा. पाच मिनिटांत त्यांनी माझा हात अकरा वेळा दाबला आणि डोकं एकदाही वर काढलं नाही. बाईंनी पाठीवर थोपटलं तेव्हा त्या निवांत उठल्या आणि नळीतलं पाणी फुर्रकन उडवलं, ते माझ्याच तोंडावर.

अंधार पडल्यावर धक्क्यावर सगळ्यांना वेटसूट चढवले. सासूबाईंना त्यात बसवायला आम्हा दोघींना घाम फुटला. पाटल्यांवर पट्टी बांधली. निघण्यापूर्वी इथे हजेरी असते, परतल्यावर पुन्हा असते. जितके गेले तितके आले हे मोजायला. बाई हातातल्या दिव्याच्या उजेडात एकेक नाव आणि वय वाचत होत्या. सासूबाईंचं नाव आलं, "सहासष्ट" आलं, आणि सासूबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. बाईंनी तो कागद माझ्याकडे वळवून धरला. छापील सहासष्टच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: आज पासष्ट. मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

पाण्यात काय झालं ते मी फार लिहिणार नाही. एका बाजूने बाईंनी त्यांचा हात धरला होता, दुसऱ्या बाजूने मी. दिव्यांखाली धुळीसारखे जीव जमले. बराच वेळ नुसतं हिरवं पाणी होतं. मग माझा हात एकदा दाबला गेला, आणि मी बघितलं. खालून एक मोठा पांढरा पदर उलगडत वर आला, आमच्या पोटाशी येऊन उलटला आणि काळोखात गेला. पुन्हा आला. सासूबाईंची पकड सुटली नाही आणि डोकं वर आलं नाही. मला कित्येकदा वर येऊन "आई, बघितलंत?" असं ओरडावंसं वाटलं.

बोटीवर टॉवेल गुंडाळून दोघी कडेला बसलो. हजेरी झाली. बाईंनी सगळ्यांच्या हातात गरम चहा दिला. मी सासूबाईंकडे वळून बसले आणि म्हटलं, "बोला आई. पहिल्यापासून."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. चहाचा घोट घेतला. "सगळं ठरवून ठेवलं होतं गं," त्या म्हणाल्या. "आता काही सुचत नाही." आणि मग जरा वेळाने, "वाढदिवस असा असतो होय."

मी काहीच बोलले नाही. तसं कबूल केलं होतं. त्यांचा ओला, सुरकुतलेला हात टॉवेलखालून माझ्या हाताशी आला. पट्टी सुटून लोंबत होती. बोट धक्क्याला लागेपर्यंत तो तिथेच होता, आणि उतरायच्या आधी त्यांनी माझा हात दोनदा दाबला.